सातवीचा बंधारा

कार्तिक सरत आला, उशिरा येणारा भारी धान कापायला आला आणि हेटीटोल्यात मजुरीला एक बाई मिळेना. जो तो आपापल्या भाताच्या बांधीच्या घाईत. सुशीलाबाईनं दोन दिवस घरोघर जाऊन पाहिलं. कुणी उद्या म्हणालं, कुणी परवा, आणि एकीनं तर उंबऱ्यात उभं राहूनच विचारलं की घरी मास्तर आहे ना धडधाकट, त्याला का नाही नेत? सुशीलाबाई पुढच्या घराकडं वळली. नवरा धडधाकट होता हे खरं, पण त्याला बांधीत उतरवणं मजूर मिळवण्यापेक्षा अवघड होतं.

परसराम कापगते गावातल्याच शाळेत सातवीला शिकवायचा. शेत त्याच्या नावावर होतं आणि सुशीलाबाईच्या अंगावर. जातीनं कोहळी, तलाव बांधणारी माणसं. केशोरीच्या अंगाला दोन तलावांच्या पाळी आपल्या आजा-पणजानं घातल्या असं तो पाहुण्यांना सांगायचा. सुशीलाबाई आत चहा ठेवता ठेवता ऐकायची आणि मनात म्हणायची, आज्यानं पाळ घातली, नातवाला धुऱ्यावरून, शेताच्या साध्या बांधावरून, नीट चालता येत नाही.

नाल्याकाठची खालची बांधी तिच्या जिवाची होती. तिच्यात ती दरसाल चिन्नोर लावायची. गावात बाकी सगळ्यांनी नवे वाण धरले होते, लवकर येणारे, भरघोस देणारे. चिन्नोर उशिरा येतो, उंच वाढून लोळतो आणि देतो तोही हात आखडून. पण शिजला की चार घरं पलीकडे वास जातो. सासूनं शेवटच्या दुखण्यात बिजाईचं मडकं तिच्या हवाली केलं, तेव्हापासून तिनं ते बी एकदाही तुटू दिलं नव्हतं. अख्ख्या टोल्यात चिन्नोराची बिजाई आता तिच्याच घरी उरली होती. म्हणून ही बांधी ती सगळ्यांत शेवटी, आभाळ पाहून कापायची. कापलेल्या धानाच्या कडपा, न बांधलेल्या पेंढ्या, बांधीतच चार उन्हं खात पडू द्यायच्या, मग भारे बांधून त्यांची गंजी, पुंजणं, घालायचं. मधेच ओल लागली तर लोंबीतच दाण्याला कोंब फुटतो. असा दाणा भरडून कसाबसा खाता येतो, पेरता मात्र येत नाही.

आणि नेमक्या याच दिवसांत मास्तराला प्रकल्प सुचला होता.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. वरून हुकूम निघाला होता की पोरांनी नुसती पुस्तकं पाठ करायची नाहीत, हातानं काही करून शिकायचं, पुढं जगताना कामी येईल असं. बाकीच्या मास्तरांनी हुकमाचा अर्थ बरोबर काढला. अर्जुनीच्या दुकानात थर्माकोलचे तयार प्रकल्प टांगलेले असायचे: सूर्यमाला, पवनचक्की, ज्वालामुखी. पोरानं बापाच्या मागे लागायचं, बापानं एस.टी.तून सांभाळत ते आणायचं, मास्तरानं भिंतीशी मांडून ठेवायचं. हेटीटोल्यात ज्वालामुखीचा काय उपयोग, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

परसरामला मात्र हे मनापासून पटेना, आणि एकदा त्याला काही पटेनासं झालं की घरातल्यांची खैर नसायची. नाल्यावर बंधारा बांधायचा, खराखुरा, असं त्यानं ठरवलं. पोरांनी दोरीनं नाल्याची रुंदी मोजली, वाळूच्या किती चुंगड्या, पोती, लागतील याचं गणित फळ्यावर केलं, चुकलं, पुन्हा केलं. घरकुलाचं बांधकाम चाललं होतं तिथून सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या मागून आणल्या. हे सगळं सुशीलाबाईला रोज जेवताना ऐकावं लागायचं, कारण लेक पुष्पांजली सातवीतच होती आणि बापलेकीला दुसरा विषय उरला नव्हता. सुशीलाबाई दिवसभर वाकून आलेली, पाठ सरळ होईना, आणि ही दोघं ताटावर बसून चुंगड्या मोजत.

तिला खरा धक्का बसला तो जागा ऐकून. खालच्या अंगाला हिरालालनं आपल्या शेतालगत बांधू दिलं नाही. वरची जागा गावच्या सोसायटीची, त्यांनी उद्या-परवा केलं. मग परसरामनं सरळ आपल्या खालच्या बांधीपुढची जागा धरली. तिथं कुणाची परवानगी नको होती. बायकोची लागते हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

"आधी चिन्नोर घरी येऊ द्या," ती म्हणाली. "मंग बांधा का बांधाचा तो."

"सोमवारी तालुक्याचे साहेब येऊन रायले प्रकल्प पाहाले. अना पानी एका रोजात चढते का? आतालोक सरकारी बंधारे पाहाली नाईस का तू? निम्मा पानी त खालूनच जाते."

हे मात्र तिलाही खोटं म्हणता येईना. आजवर नाल्यावर जेवढे बंधारे झाले तेवढे गळले. साहेब नारळ फोडून जायचा, आठवडाभरात चुंगड्या फाटायच्या आणि गुरं त्यांतली वाळू तुडवत पलीकडे जायची. बंधारा म्हटला की तो गळणार, हे गावात जन्मलेल्या प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर ठाऊक होतं. म्हणून ती गप्प बसली. पुढं तिला स्वतःचा राग आला तो याच गप्प बसण्याचा.

चिन्नोर कापून झाला शनिवारी. शेजारची एक म्हातारी आत्या आणि ती, दोघींनीच कापला. पुष्पांजली शाळेआधी तासभर हात लावायची. विळ्यानं सुशीलाबाईचं बोट कापलं, तिनं त्यावर चिंधी गुंडाळली आणि पुढची मूठ धरली. बांधी लवकर वाळावी म्हणून धुऱ्याला नाल्याच्या बाजूनं तिनं आधीच फावड्यानं तोंड पाडून ठेवलं होतं. सगळेच पाडतात, बांधीतलं पाणी तिथून नाल्यात उतरून जातं.

त्याच दिवशी खाली पोरांचा गलका चालला होता. बुधवारी त्यांनी घातलेला पहिला थर रात्रीतून फुटला होता आणि एक घमेलं वाहून गेलं होतं, त्यामुळे आता सगळी ईर्षेला पेटली होती. सुशीलाबाईनं कंबर सरळ करायला म्हणून उभं राहून पाहिलं. बिसराम ढिवराचा खुमेंद्र, जो वर्गात मागं बसून झोपा काढतो असं परसराम नेहमी सांगायचा, तो गुडघाभर गाऱ्यात उभा राहून बाकीच्यांना शिव्या घालत होता. चिकट माती आणि धानाचा पेंढा पायानं तुडवून ते मऊ करायचं, चुंगड्यांच्या सांध्यात ठासायचं. खेकड्यानं पोखरलेला धुरा त्यांच्या घरी असाच बुजवतात. पोरी मागून हात फिरवत येत होत्या, भिंत सारवावी तशा. पुष्पांजली काठावरून कुठली चुंगडी कुठं ते ओरडून सांगत होती. परसराम शिट्टी गळ्यात घालून उभा होता, त्याला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. काम बरं चाललंय, असं सुशीलाबाईच्या मनात आलं. लेकीचा तिला थोडा गर्वही वाटला. मग ती पुन्हा वाकली.

रविवारी सकाळी ती डोक्यावर टोपली घेऊन धुऱ्यावर आली आणि तिथंच थबकली. बांधीत आभाळ दिसत होतं.

नाला काठोकाठ भरला होता. धुऱ्याला तिनंच पाडलेल्या तोंडातून पाणी उलटं बांधीत शिरलं होतं आणि कडपांच्या मधून संथ पसरलं होतं. कडपा खुंटांवर अधांतरी होत्या, पण लोंब्यांचे शेंडे पाण्यात टेकले होते. तिनं टोपली टाकली, फावड्यानं ते तोंड बुजवलं, पण त्यानं काय होणार? आत शिरलेल्या पाण्याला जायला वाटच नव्हती, बाहेर नाला त्याच्याहून वर होता. ती बंधाऱ्याशी धावली. खालच्या बाजूला नाला कोरडा ठण्ण पडला होता. एका सांध्यातूनही थेंब येत नव्हता.

तिनं परसरामला हाक मारायला शेजारच्या पोराला पिटाळलं आणि साडी खोचून बांधीत उतरली. भिजलेली कडपा उचलायची म्हणजे लहान मुलासारखी दोन्ही हातांवर घ्यावी लागते, ओढली तर दाणे झडतात. उचलायची, चिखलातून धुऱ्यावर न्यायची, ठेवायची, पुन्हा उतरायचं. पाणी हाडं गोठवणारं. पिंढरीला जळू लागली ती तिनं उपटून फेकली. पुष्पांजली धावत आली आणि काही न विचारता दुसऱ्या टोकाकडून लागली. पोरगी मधूनच बंधाऱ्याकडं पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद आहे की भीती हे सुशीलाबाईला कळेना.

तासाभरात गाव लोटलं. कुणालाच विश्वास बसत नव्हता. टेकचंद मेंबरनं काठीनं पाण्याची खोली पाहिली आणि मास्तरानं गावाचं नाव काढलं असं तीन वेळा बोलून दाखवलं. बाया तोंडाला पदर लावून पाण्याकडं बघत होत्या. धुऱ्यावर माणसांची रांग लागली, त्यामुळे कडपा ठेवायला जागा राहिली नाही. कुणी सरकलं नाही आणि कुणी खाली उतरलंही नाही. शाळेचे मुख्याध्यापक श्यामलाल पटले गोरेगावकडचे पोवार, ते फटफटीवर कॅमेरा घेऊन आले. त्यांनी परसरामला पाण्यापुढं उभं केलं, डोळा मिटून बघितलं आणि हात हलवला.

"वयनी, जराशा बाजूले होजो. फोटोत येऊन रायल्या तुमी."

सुशीलाबाईच्या हातावर ओली कडपा होती, कोपरातून चिखलाचं पाणी ठिबकत होतं. ती बाजूला झाली. का झाली हे तिला पुढं कितीदा आठवूनही सांगता येईना.

फोटो झाल्यावर तिनं नवऱ्याला धुऱ्याखाली बोलावून सांगितलं की बंधारा आत्ताच्या आत्ता काढा, उद्यापर्यंत बी राहणार नाही. परसरामनं मान हलवली. मग पटले सर आले आणि एक दिन की बात है म्हणाले. उद्या बारापर्यंत साहेब पाहून जातील, पुढं तुमचं तुम्ही बघा. पण साहेबांच्या आधी काढला तर कुणी काढला ते मला रिपोर्टात लिहावं लागेल, नोकरीचा प्रश्न आहे. परसरामनं त्यालाही मान हलवली. लोकं कान देऊन ऐकत होती.

"तुमी कोनाचे मास्तर आहा ते मले मालूम आहे," सुशीलाबाई म्हणाली. "मालक कोनाचे आहा तेवढा सांगा."

दोघं-तिघं हसले. परसरामचा चेहरा उतरला, आणि पटले सरांना चहा पाजायच्या निमित्तानं तो घरी गेला. गावही पांगलं. माणसाला बघून बघून पाणी तरी किती वेळ बघवणार?

उन्हं कलायला लागली तेव्हा निम्म्या कडपा अजून बांधीतच होत्या आणि बुजवलेल्या तोंडातून झिरपून पाणी बोटभर आणखी चढलं होतं. तिनं एक लोंबी खुडून दाणा दाताखाली धरला. दाणा फुगून मऊ झाला होता. सासूचा चेहरा तिला आठवला नाही, दुसरं काहीही आठवलं नाही, नुसता संताप आला. तिनं फावडं उचललं आणि बंधाऱ्यावर गेली.

तिथं सातवीची पोरं बसली होती. रविवार असून सगळी आपलं पाणी पाहायला आली होती. तिच्या हातातलं फावडं पाहून खुमेंद्र उठला आणि मधोमध चुंगडीवर उभा राहिला.

"काकी, आमी बांधला हा."

"सरक म्हनतो ना."

तो सरकला नाही. सुशीलाबाईनं त्याला वळसा घालून फावडं उगारलं, तेवढ्यात पुष्पांजलीनं मागून दांडा धरला. आता पोटची पोरगीही उलटली, असंच सुशीलाबाईला वाटलं.

"माय, मधात मारू नको," पोरगी धापा टाकत म्हणाली. "एकदम फुटला त सारा पानी खाली जाईन. हिरालालकाकाचा पुंजना नाल्यालेच लागून आहे. बुधवारी नुसता एक थर फुटला त घमेला नेला. वरून काढा लागते, एकेक चुंगडी."

सुशीलाबाईनं खाली पाहिलं. हिरालालचं पुंजणं खरंच काठाशी होतं, वर्षभराचं धान. तिच्या ध्यानातही नव्हतं. फावडं आपोआप खाली आलं.

पुष्पांजली खुमेंद्रकडं वळली. "बांधला आपनच, त काढू बी आपनच. नाई त माय सबन एकदम फोडून टाकीन."

खुमेंद्रनं बाहीनं नाक पुसलं, वाकला आणि पायाखालची चुंगडी सोडवायला लागला. ती निघता निघेना, इतकी त्यांनी घट्ट बसवली होती. सगळी पोरं लागली. एक चुंगडी काढायची, पाणी उतरू द्यायचं, खाली जाऊन काठ धरतोय का ते पाहून यायचं, मग दुसरी. कुणी ओरडलं नाही, कुणी चेष्टा केली नाही. सुशीलाबाई काठावर उभी राहून बघत होती. तिला हवं होतं ते होत होतं आणि तरी तिला त्या पोरांकडं बघवत नव्हतं. परसराम संध्याकाळी आला तेव्हा नाला आपल्या जागेवर गेला होता आणि धुऱ्याच्या पुन्हा पाडलेल्या तोंडातून बांधीतलं पाणी उतरत होतं. त्यानं शिट्टी काढून खिशात घातली, पायजमा वर केला आणि पहिल्यांदाच बांधीत उतरून उरलेल्या कडपा उचलू लागला.

सोमवारी सकाळी धुऱ्यावरच्या कडपा उलटताना सुशीलाबाईला पांढरे कोंब दिसले. सुईच्या टोकाएवढेच, पण जिथं बघावं तिथं. कोरड्या राहिलेल्या कडपा बोटावर मोजण्यासारख्या होत्या आणि त्यांतलं बी कितपत धरेल हे पेरल्याशिवाय कळणार नव्हतं. ती खाली बसून एकेक लोंबी निवडत होती, तेव्हाच साहेबांची जीप आली.

साहेब बुटांना चिखल लागू नये म्हणून धुऱ्याच्या सुरुवातीलाच थांबले. मागं पटले सर, परसराम आणि सातवीची रांग. नाल्यात गुडघ्याखाली पाणी वाहत होतं, काठावर चुंगड्यांचा ढीग पडला होता. साहेबांनी बंधारा कुठे असं विचारलं. पटले सरांनी परसरामकडं पाहिलं. परसरामनं धुऱ्यावर बसलेल्या बायकोकडं पाहिलं, मग मान खाली घातली.

"गळला, साहेब. टिकला नाही."

साहेबांनी नवल केलं नाही. गळायचेच हे, असं ते म्हणाले, नाहीतरी पोराटोरांचं काम. तालुक्याच्या प्रदर्शनात मांडायला थर्माकोलचा एखादा बंधारा करून पाठवा, गुण त्याचेच धरू. पटले सर हो हो म्हणाले, त्यांच्या जिवावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

नवऱ्यानं आपल्याला वाचवलं हे सुशीलाबाईला कळलं. कुणी काढला हा प्रश्न आता कुणी विचारणार नव्हतं. गप्प बसली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तिच्या मांडीवर कोंब आलेला चिन्नोर होता. हे बी गेलं ते बंधाऱ्यानं पाणी धरलं म्हणून, आणि हा माणूस सगळ्यांसमोर सांगतो की तो गळला. म्हणजे पोरांनी काही केलं नाही आणि तिचंही काही गेलं नाही. ती उठली. साडीला चिखल लागलेला, तशीच साहेबांपुढं गेली.

"एक थेंब गळला नाई," ती म्हणाली. "माहा धान बुडाला, म्हनून म्या काढाले लावला. पोरायनं एकेक चुंगडी काढली, खालचा पुंजना वाचवून काढली. हे पाहा."

तिनं लोंबी पुढं केली. साहेबांनी ती हातात घेतली नाही. ही बाई कोण असं त्यांनी पटले सरांना विचारलं, आणि गुरुजींच्या मिसेस आहेत हे कळल्यावर ते मोठ्यानं हसले. घरूनच विरोध म्हटल्यावर प्रकल्प कसा व्हायचा, असं म्हणत त्यांनी डायरीत दोन ओळी लिहिल्या. जीप वळली. पटले सर फटफटीवरून तिच्या मागोमाग गेले.

सुशीलाबाईला वाटलं होतं की खरं बोलल्यावर काहीतरी होईल, निदान भांडण तरी. काहीच झालं नाही. ती परत जाऊन कडपांशी बसली.

परसराम पोरांना शाळेकडं न्यायला वळला. तेव्हा खुमेंद्र, वर्गात कधी तोंड न उघडणारा, रांग सोडून पुढं आला.

"गुरुजी, गळला काऊन म्हनले तुमी?"

परसरामनं ऐकलं. शाळेत चला, पहिला तास गणिताचा आहे, असं तो म्हणाला आणि चालू लागला. पोरं जागची हलली नाहीत. पुष्पांजलीही नाही. चार पावलं गेल्यावर मागं कुणाच्या पायांचा आवाज येत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. सुशीलाबाई कडपा हातात धरून बघत राहिली. त्यानं वळून बघावं असं तिला फार वाटत होतं, पण त्याच्यानं वळवलं नाही.